स्वयंपाकघर नसलेलं घर

२४ मे २०२४, शुक्रवार

लंडनच्या व्हाइटचॅपलला उतरलो. स्टेशनची पाटी इंग्रजीबरोबर बंगालीतही आहे. आमच्या यांना बंगाली येत नाही, तरी पाटीसमोर थांबून वाचल्यासारखं केलं. परवा सुनक साहेबांनी भर पावसात उभं राहून निवडणूक जाहीर केली, तेव्हापासून हे त्यांना ‘आपले बंगळूरचे जावई’ म्हणतात आणि छत्रीवरून त्यांची कीव करतात. आज मात्र पाऊस नव्हता.

ब्रिक लेनवर करी-हाउसांची रांग, साड्यांची दुकानं, भिंतीभर रंगवलेली चित्रं. फोर्निए स्ट्रीटच्या कोपऱ्यावर मशीद. जुम्म्याची नमाज सुटत होती, फुटपाथवर पाय ठेवायला जागा नव्हती. ही इमारत १७४३ ची. फ्रान्समधून धर्मछळाला कंटाळून पळून आलेल्या प्रॉटेस्टंट लोकांनी ती प्रार्थनेसाठी बांधली. पुढे ती मेथडिस्टांकडे गेली, १८९८ मध्ये सिनॅगॉग झाली आणि १९७६ मध्ये मशीद. भिंतीवर उंच जागी सावलीचं घड्याळ अजून आहे. तीनही वेळा देव बदलला, पण घड्याळ कुणी काढलं नाही.

मशिदीपासून गल्लीच्या दुसऱ्या तोंडाशी हॉक्समूरने बांधलेलं पांढरं क्राइस्ट चर्च. मधे दोन्ही बाजूंना त्याच फ्रेंच लोकांतल्या रेशीम-विणकरांच्या काळातली उभी, अरुंद, विटांची घरं. त्यातल्याच एका घरात गिल्बर्ट आणि जॉर्ज हे कलाकार १९६८ पासून राहतात. त्या वेळी ही वस्ती इतकी पडकी होती की भाडं परवडायचं म्हणून ते इथे आले. आता या गल्लीतलं घर घ्यायचं तर बँकेने आपल्याला दारातूनच हाकललं असतं.

ते दोघं रोज याच रस्त्याने एकसारखे सूट घालून चालतात, हे मुलीने सांगून ठेवलं होतं. त्यामुळे सुटातले दोन म्हातारे दिसले की यांचं मला कोपर. असे म्हातारे लंडनमध्ये कमी नाहीत.

२५ मे

एक जॉर्ज पासमोर, जन्म १९४२, इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या प्लिमथचा. दुसरा गिल्बर्ट प्राउश, जन्म १९४३, इटलीतल्या डोलोमाइट डोंगरांतल्या खेड्यातला. त्याची घरची भाषा लादिन, जी इटलीतही थोडेच लोक बोलतात. आडनावं दोघांनी केव्हाच टाकली. २५ सप्टेंबर १९६७ ला लंडनच्या सेंट मार्टिन्स कला-शाळेत शिल्पकलेच्या वर्गात भेटले. आपलं मोडकं इंग्रजी फक्त जॉर्जला कळायचं म्हणून जोडी जमली, असं गिल्बर्ट आजवर सांगत आला आहे.

त्या वर्गात शिल्पकार अँथनी कॅरोचा दबदबा. लोखंडाचे गर्डर कापायचे, जोडायचे, रंगवायचे. या दोघांनी आधी स्वतःच्या हातात छोटी शिल्पं धरून फोटो काढले, मग लक्षात आलं की शिल्प काढून घेतलं तरी चालतंय. हातातलं शिल्प गेलं, धरणारे राहिले. १९६९ मध्ये त्यांनी जाहीरच केलं, आम्हीच शिल्प. चालणं शिल्प, जेवणं शिल्प, पोस्टाने पाठवलेलं कार्ड शिल्प. त्याच वर्षी चित्रकार डेव्हिड हॉकनीला जेवायला बोलावलं आणि ते जेवण लोकांनी तिकीट काढून पाहिलं. १९७२ मध्ये कॅमेऱ्यासमोर बसून जिन प्यायले, तीही कलाकृती. नियमसुद्धा लिहून काढले: नीटनेटके कपडे, सगळ्यांशी सभ्य वागणं, स्वतःवर पूर्ण ताबा. आणि सगळ्यात ठाम गोष्ट ही की माणसं दोन असली तरी कलाकार एक. अमुक रेघ कुणी मारली, हे ते आजही सांगत नाहीत.

आमच्या लहानपणी सांगलीत बहुरूपी यायचा. एके दिवशी फौजदार होऊन आजोबांवर वॉरंट काढायचा, दुसऱ्या दिवशी दारात साधू. पैसे मिळाले की ओढ्याकाठच्या पालावर जाऊन रंग धुवायचा, आम्ही पोरं मागे जाऊन पाहायचो. या दोघांनी एकच सोंग घेतलं आणि ते धुवायला कधी गेलेच नाहीत.

संध्याकाळी यांना एवढं सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, ‘‘अगं, मी तेहेतीस वर्षं वीज मंडळात पांढरा हाफ शर्ट घालून गेलो. सव्वाआठला पोळी-भाजीचा डबा. मग मीपण शिल्पच की.’’

‘‘तुम्ही जाहीर नाही केलंत, अहो.’’

‘‘युनियनने करू दिलं नसतं.’’

२६ मे, रविवार

ब्रिक लेनवर रविवारचा बाजार. त्यातून वाट काढत हेनेज स्ट्रीट. जुन्या दारूभट्टीच्या इमारतीत या दोघांनी स्वतःच्या पैशाने स्वतःच्याच चित्रांचं केंद्र उभारलं आहे. १ एप्रिल २०२३ ला उघडलं, आत जायला पैसे नाहीत. एप्रिल फूलच्या दिवशी उघडलं, हे मला आवडलं. हिरवं लोखंडी फाटक, आत फरसबंद अंगण, त्यात हिमालयातल्या मॅग्नोलियाचं झाड. बाहेर बाजाराचा एवढा गोंगाट, आत आल्यावर जेमतेम ऐकू येतो.

सध्या ‘लंडन पिक्चर्स’मधली निवडक चित्रं लावली आहेत. ही मालिका २०११ ची. कशी केली, ते ऐकून हे खुदकन हसले. लंडनमध्ये पेपरच्या दुकानाबाहेर जाळीच्या चौकटीत त्या दिवशीच्या मथळ्याचा कागद लावलेला असतो. हे दोघं ते कागद चोरायचे. एकाने दुकानात शिरून काहीतरी किरकोळ घेत मालकाला बोलण्यात गुंतवायचं, दुसऱ्याने बाहेरचा कागद अलगद सरकवून घ्यायचा. सभ्य सूट, पॉलिश केलेले बूट, त्यांच्यावर संशय घेणार कोण? सहा वर्षांत ३,७१२ कागद जमले. मग शब्दांप्रमाणे गठ्ठे लावले. खुनाचे एका ठिकाणी, भोसकाभोसकीचे एका ठिकाणी, शाळा, भुयारी रेल्वे, पैसा असे वेगवेगळे. त्यातून २९२ चित्रं झाली.

एका चित्रासमोर बराच वेळ उभी राहिले. एकच शब्द असलेले मथळे एकाखाली एक, प्रत्येक वेगळ्या दिवसाचा, बहुतेक अक्षरं काळी आणि तो एक शब्द लाल. ‘मुलगा’, ‘बाई’, ‘माणूस’, कुणाचंही नाव नाही. मथळ्यात नाव बसत नाही, मेलेला माणूस आधी नामवंत असेल तरच बसतं. कागदांच्या मागे त्या दोघांचे चेहरे, पारदर्शक, धुरकट, कधी कुठल्याशा रस्त्याच्या विटांत मिसळलेले. खाली कोपऱ्यात नाण्यावरची राणी, बाजूने दिसणारी. ती कशाकडेच बघत नाही. कितीतरी लोक मेले, ती तशीच. पुढच्या चित्रात पुन्हा कोपऱ्यात तीच.

मला हे भिडलं, कारण यात दोघं स्वतःबद्दल काहीच सांगत नाहीत. सांगतात एवढंच की आम्ही रोज याच रस्त्यावरून चाललो आणि हे वाचलं. रोज चालण्याला कला म्हटलं की रस्त्यावरचं सगळं पायाला चिकटत येतं.

हे मात्र चित्र सोडून काळ्या चौकटी मोजत होते. प्रत्येक मोठं चित्र चौकोनी तुकड्यांचं आहे, प्रत्येक तुकड्याला काळी धातूची चौकट, सगळे एकाला एक खेटून. पूर्वी फोटो घरीच छापायचे, हाताने रंगवायचे, आणि एवढा मोठा कागद छापता येत नसे म्हणून तुकडे. या शतकाच्या सुरुवातीला संगणक आला, तुकड्यांची गरज संपली. तरी तुकडे ठेवलेच.

‘‘फरक बघ, अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही,’’ हे म्हणाले. इंजिनिअरला याहून मोठी दाद देता येत नाही. पुढे यांना कळलं की प्रदर्शन लागणाऱ्या प्रत्येक गॅलरीची छोटी प्रतिकृती करून त्यात बोटभर चित्रं टांगून हे दोघं मांडणी ठरवतात. त्यानंतर गिल्बर्ट आणि जॉर्ज यांच्याविषयीचं यांचं मत कायमचं सुधारलं.

२९ मे

बातमी आली की ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’ रोज छापणं बंद करणार, आठवड्यातून एकदाच निघणार. १८२७ पासूनचा पेपर. २००९ पासून फुकटच वाटत होते. चोरलेल्या त्या मथळ्यांचे ढीगच्या ढीग याच पेपराचे होते. जावई म्हणाला, लोक आता भुयारात फोन बघतात, तिथेही रेंज येते. खरं आहे. यापुढे कुणाला शहराचं रोजचं दुःख चोरून आणायचं म्हटलं तर ते भिंतीवर लावलेलं नसेल.

३० मे

या दोघांच्या घरात स्वयंपाकघर नाही. लिहिणारा प्रत्येक जण हे कौतुकाने सांगतो. सकाळचा नाश्ता जवळच्या कॅफेत, रात्रीचं जेवण कितीतरी वर्षं डाल्स्टनमधल्या एकाच तुर्की हॉटेलात. जॉर्ज तिथवर चालत जातो, गिल्बर्ट गाडीने, आणि तिथे भेटतात. सिनेमा नाही, नाटक नाही, दुसऱ्यांची प्रदर्शनं नाहीत. काय खायचं, काय घालायचं, कुठे जायचं, हे प्रश्नच काढून टाकले की सगळं डोकं चित्रांना मिळतं, असा त्यांचा हिशेब. घर मात्र व्हिक्टोरियन काळातल्या मातीच्या भांड्यांनी आणि जुन्या फर्निचरने भरलेलं. भांडी बघायची, त्यात काही शिजवायचं नाही.

दिवसभर हेच डोक्यात. नातीचं दूध सांडलं, मुलीची ऑनलाइन मीटिंग, मी पोळ्या लाटत होते आणि मनात म्हणत होते, अहो महाराज, स्वयंपाकघर काढून टाकलं म्हणजे स्वयंपाक संपला का? तो त्या तुर्की हॉटेलात गेला. तिथे कुणीतरी भट्टीसमोर घाम गाळत मांस भाजतंय. बशा कुणीतरी विसळतंय. त्यांचा दिवस शिल्प नाही, त्यांची शिफ्ट आहे.

या दोघांनी ‘आम्हीच शिल्प’ जाहीर केलं त्याच १९६९ साली अमेरिकेत मिअर्ल लेडरमन युकेलीझ नावाची बाई होती. नुकतीच आई झालेली. आर्टिस्ट की आई, असं लोक विचारायचे, तेव्हा तिने रागाने एक जाहीरनामा लिहिला: धुणं, पुसणं, जेवण करणं, पोर सांभाळणं हे मी रोज करते, यापुढे हीच माझी कला. १९७३ मध्ये हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम संग्रहालयाच्या पायऱ्या आणि आतल्या फरश्या तिने भर दिवसा लोकांसमोर घासल्या. पुढे न्यूयॉर्कच्या सफाई खात्यातल्या साडेआठ हजार कामगारांचे हात हातात घेतले आणि प्रत्येकाचे आभार मानले. या कामाला जवळजवळ एक वर्ष लागलं.

एकाच वर्षी दोन घोषणा झाल्या. लंडनमध्ये जगण्यातलं काम कमी करून उरलेलं शिल्प केलं. अमेरिकेत जे काम कमी होतच नाही, त्यालाच कला म्हटलं. टाळ्या कुणाला जास्त मिळाल्या, हे सांगायला नको. माझं मत युकेलीझला. पण हेही खरं की तिला पाहिलं असतं तर मी काही थांबले नसते, पायऱ्या पुसणारी बाई काय बघायची! एकसारखे सूट घालून चालणारे ते दोघं मात्र थांबून पाहिले असते. हे मला स्वतःबद्दल फारसं आवडलेलं नाही.

१ जून, शनिवार

व्हाइटचॅपल रोडच्या कडेला अल्ताब अली पार्क. बाकावर बसून मुलीने दिलेली पुरी-भाजी खाल्ली. आत ढाक्याच्या शहीद मिनारची छोटी प्रतिकृती. पूर्वी ही सेंट मेरी चर्चची जागा होती. ४ मे १९७८ ला कपड्यांच्या कारखान्यातला अल्ताब अली नावाचा बांगलादेशी कामगार काम संपवून घरी जात होता, तेव्हा इथेच शेजारच्या अॅडलर स्ट्रीटवर त्याचा वर्णद्वेषातून खून झाला. दहा दिवसांनी हजारो लोक त्याच्या शवपेटीमागून डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेले. १९९८ मध्ये बागेला त्याचं नाव दिलं.

त्या काळात ब्रिक लेनच्या तोंडाशी नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाचे लोक रविवारी आपली पत्रकं विकायचे. आणि इथून दहा मिनिटांवर राहणारे आपले दोघं तेव्हा काय करत होते? १९७७ मध्ये भिंतींवरच्या खरडलेल्या शिव्यांचे फोटो काढून ‘डर्टी वर्ड्स पिक्चर्स’ नावाची २६ चित्रं केली. त्यात शिव्या आहेत, आणि शिव्यांखाली शहर आहे: पोलीस, दारुडे, ओले रस्ते. ती चांगलीच आहेत असं मला छापील पुस्तकातूनही वाटतं. पण १९७८ च्या एका चित्राला त्यांनी आपल्यासारख्या तपकिरी माणसांना रस्त्यात दिली जाणारी शिवीच नाव म्हणून दिली. त्याच वर्षी, याच वस्तीत.

त्यांचं म्हणणं असं की आम्ही बाजू घेत नाही, आहे ते दाखवतो. शिवी देणं वेगळं, दाखवणं वेगळं, इथवर मी त्यांच्याबरोबर आहे. पण जो माणूस ती शिवी पाठीवर घेऊन कारखान्यातून घरी निघतो, त्याला संग्रहालयात ती अजून एकदा दाखवायची आणि वर आमचं धोरण ‘सर्वांसाठी कला’ म्हणायचं, हे मला पटलेलं नाही. टीकाकारांनी त्यांना फॅसिस्टही म्हटलं. ते मला पटत नाही. ते उघड थॅचरबाईंचे चाहते, राजघराण्याचे चाहते, ब्रेक्झिटच्या बाजूचे. कलाकारांच्या जगात एवढं पुरतं. स्वतःला तरी त्यांनी कुठे सोडलं? १९९४-९५ च्या चित्रांत सूट उतरवून, पन्नाशीतली ढिली अंगं घेऊन, स्वतःच्या विष्ठेच्या भल्यामोठ्या फोटोंबरोबर उभे राहिले. ती चित्रं मुलीने फोनवर दाखवली तेव्हा यांनी पुरी खाली ठेवली.

सगळं दाखवलं, आणि घरात दोघांचं भांडण कशावरून होतं, हे पन्नास वर्षांत कुणाला कळलेलं नाही. अंग दाखवून आतलं इतकं झाकता येतं, याची मला गंमत वाटते. आमच्याकडे अगदी उलट. अंगभर कपडे, आणि भांडण शेजारच्या बिल्डिंगपर्यंत.

४ जून

दिवसभर लोकसभेचे निकाल. सांगलीत अपक्ष निवडून आला. चित्रं-बित्रं काही नाही आज.

६ जून

‘सिंगिंग स्कल्प्चर’ची फिल्म पाहिली, मुलीच्या लॅपटॉपवर. १९६९ मध्ये सुरू झालेलं काम, फिल्म बरीच नंतरची, १९९१ च्या न्यूयॉर्कमधल्या प्रयोगाची. दोघं एका टेबलावर उभे. चेहऱ्यांना, हातांना धातूची भुकटी फासलेली, त्यामुळे कातडी ब्राँझसारखी चमकते आणि डोळे मात्र ओले, जिवंत. एकाच्या हातात काठी, दुसऱ्याच्या हातात हातमोजा. टेबलाखाली टेपरेकॉर्डर. त्यावर एक जुनं गाणं, १९३० च्या दशकातलं, रेल्वे पुलाच्या कमानींखाली झोपणाऱ्या बेघर लोकांचं. दोघं गाण्याबरोबर ओठ हलवतात, थबकत, किल्ली दिलेल्या खेळण्यागत वळतात. गाणं संपलं की एक जण टेबलावरून उतरतो, टेप पुन्हा लावतो, वर चढतो. काठी याची त्याच्याकडे, मोजा त्याचा याच्याकडे. पुन्हा तेच गाणं.

१९७० मध्ये ड्युसेलडॉर्फच्या कुन्स्टहालेत हे दिवसाला आठ तास चाललं. १९७१ मध्ये न्यूयॉर्कला सोनाबेंड गॅलरीची नवी जागा याच प्रयोगाने उघडली. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलिया. बेघरांचं गाणं घरंदाज सुटात गाणं, हा विनोद पहिल्या पाच मिनिटांत कळतो. मग विनोद संपतो आणि दोन माणसं उरतात, ज्यांना उतरून निघून जाता येत नाही. गळ्याजवळ भुकटीतून घामाची एक रेघ निघालेली मी नीट पाहिली. टेप लावायला उतरणारा थोडं गुडघ्यावर हात ठेवून उतरतो, पन्नाशी जवळ आलेली. बाकी चेहरा दगड.

तेव्हा मला त्यांचं ते जाहीर करणं पटलं. त्यांच्या स्वयंपाकघरावरून केलेल्या माझ्या कुरकुरीत तथ्य आहे, ती मी मागे घेत नाही. पण आठ तास उभं राहणं हे काम आहे आणि ते त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतलं नाही.

८ जून

मुलीने नवीनतम चित्रं काढून दिली, ‘द कॉर्प्सिंग पिक्चर्स’, २०२२ ची. दोघं तेच सूट घालून प्रेतासारखे आडवे, आजूबाजूला मोठमोठी हाडं. एक ८२ वर्षांचा, एक ८० चा.

हे विचारात पडले. वीज मंडळाने यांना अठ्ठावन्नला निरोप दिला, शाल, श्रीफळ, घड्याळ. ‘‘यांना रिटायर कोण करणार?’’

म्हटलं, कुणी नाही. हेनेज स्ट्रीटचं केंद्र त्यासाठीच आहे, मागे चित्रं कायम लावलेली राहावीत म्हणून. मोठ्या सरकारी संग्रहालयांवर, विशेषतः टेटवर, त्यांचा राग आहे. विकत घेतात आणि तळघरात ठेवतात म्हणे. मग स्वतःच बांधलं. २००८ मध्ये कायद्याने जोडीदार झाले, त्यातही मागे राहणाऱ्याची व्यवस्था हाच हेतू असणार. कागदपत्रांत सगळं नीट. फक्त १९६९ च्या त्या नियमांत, दोन माणसं आणि एक कलाकार यातलं एक माणूस कमी झालं तर कलाकाराचं काय, याचं कलम घातलेलं नाही.

मी चित्र मोठं करून पाहिलं. हाडांच्या मधोमध टायची गाठ नेमकी गळ्याच्या मध्यावर.

‘‘त्या तुर्की हॉटेलवाल्याला विचारायला हवं,’’ हे म्हणाले. ‘‘टेबल दोघांचंच ठेवणार का?’’

‘‘काहीतरीच बोलता तुम्ही.’’

‘‘अगं, सीटिंगचा प्रश्न आहे. आमच्या कॅन्टीनमध्ये जोशी गेल्यावर तीन महिने त्याच्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं, मग ऑडिटवाले आले आणि बसले.’’